वैतीकाकांचा खाजगी दिवा

आमच्या वैतीकाकांनी एकदा माझा मोबाईल जप्त केला होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मीटिंगही सोसायटीचीच, खाली पंप रूमच्या शेजारी चाललेली. फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आली म्हणून मी तो भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि टाकी धुण्याच्या विषयाकडे वळलो. पाच मिनिटांनी बघतो तर सॉकेट रिकामं, आणि वैतीकाका माझा फोन रुमालात गुंडाळून उभे.

"सेक्रेटरी, हे सॉकेट सार्वजनिक की खाजगी?"

"कॉमन मीटरवरचं आहे, काका."

"आणि फोन?"

"माझा."

"म्हणजे खाजगी. सार्वजनिक करंट खाजगी यंत्रात शिरला. तोही सभासदांच्या डोळ्यांदेखत. नोंद घ्या."

मिनिट्स मीच लिहितो, त्यामुळे ती नोंद मलाच घ्यावी लागली. माझ्याविरुद्ध मीच लिहिलं, खाली सही केली, तेव्हा फोन परत मिळाला. चार टक्के झाला होता.

मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. मला हौस आहे असं कोणी समजू नये. दरवर्षी निवडणुकीच्या दिवशी सगळे सभासद एकदम चपला शोधायला लागतात आणि मी आपला खुर्चीत बसून राहतो, कारण माझी कंबर दुखते. एवढ्याच पात्रतेवर मी निवडून येतो. घाटकोपर पूर्वेला चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, बारा बिऱ्हाडांची आमची बिल्डिंग. गळती, पार्किंग, कबुतरं हे तर सगळीकडेच असतं. आम्हाला वर वैतीकाका होते.

पांडुरंग वैती मूळचे माहुलच्या कोळीवाड्यातले. घरी पिढ्यान्पिढ्या होडी आणि जाळी. घरातून ऑफिसात गेलेला हा पहिला माणूस, आणि गेला तो थेट वीज कंपनीच्या मीटर खात्यात. तिथे आधी घरोघर फिरून मीटर वाचले, मग टेबलावर बसले, मग रिटायर झाले. पण कंपनीने त्यांना सोडलं तरी त्यांनी कंपनी सोडली नाही. इतर लोक पेन ठेवतात त्या खिशात त्यांचा टेस्टर. हातात खाकी कव्हर घातलेलं विजेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारचं दार त्यांचं, त्यामुळे मला सुटका अशी कुठे नव्हतीच.

पाहुण्यांना ते पहिल्या पाच मिनिटांत गाठायचे. आमच्या मेहुण्याला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमच्या डोक्यावरचा हा दिवा, हा सार्वजनिक की खाजगी?" मेहुणा बिचारा नाशिकचा. म्हणाला, "सार्वजनिक."

"चूक. रस्त्यावरचा दिवा सार्वजनिक. जिन्यातला दिवा सोसायटीचा. म्हणजे कंपनीच्या लेखी तो खाजगी ग्राहक. पण तुमच्या मेहुण्याच्या लेखी तो सार्वजनिक. एकाच दिव्याला दोन जाती आहेत. खांबापासून मीटरपर्यंत कंपनीचं राज्य, मीटरच्या पुढे ज्याचं त्याचं. आणि ही दोन राज्यं एकमेकांत मिसळता कामा नयेत."

मेहुणा त्यानंतर आमच्याकडे आला की अंधारातच जिना चढतो.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, "काका, एवढं काय बिघडतं मिसळलं तर?" तेव्हा ते नेहमीसारखे पुस्तक उघडून बसले नाहीत. म्हणाले, "आमचा एक लाईनमन होता. लाईन बंद करून खांबावर चढला. खाली एका बंगल्यात जनरेटर चालू. जनरेटर म्हणजे खाजगी पुरवठा. मालकाने वायर अशी जोडलेली की तो खाजगी करंट उलटा सार्वजनिक लाईनीत गेला. बंद केलेल्या लाईनीत, सेक्रेटरी. वरचा माणूस बेसावध." मी विचारलं, वाचला का. ते म्हणाले, "नाही," आणि टेस्टर खिशात सरळ केला. त्या दिवसापासून मी वैतागणं बंद केलं नाही, पण तोंडावर वैतागणं बंद केलं.

पुढे पुढे हा सार्वजनिक-खाजगीचा भेद विजेपुरता राहिला नाही. बोंबील तळले तर बोंबील खाजगी, वास सार्वजनिक. म्हणून बोंबील तळायच्या दिवशी ते खाली फळ्यावर तशी सूचना लिहायचे. खोकला खाजगी, पण जिन्यात खोकलात तर सार्वजनिक. आमच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडे गेलं की दुसऱ्या दिवशी मला म्हणायचे, "काल तुमचं खाजगी जरा सार्वजनिक झालं." आणि त्यांच्या बायकोची, हिराकाकूंची, चौकशी केली की एका शब्दात उत्तर यायचं, "खाजगी." आम्हाला ती त्यांची लकब वाटायची. आम्ही हसायचो.

गणपतीचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीचा गणपती दीड दिवसाचा. वर्षानुवर्षं रोषणाई कॉमन मीटरवर. एका वर्षी काकांनी हरकत घेतली. कॉमन मीटर जिना आणि पंपासाठी आहे, मंडपासाठी तात्पुरतं वेगळं कनेक्शन घ्या, रीतसर अर्ज करा. "बाप्पा सार्वजनिक, आरती सार्वजनिक, प्रसाद सार्वजनिक, आणि करंट तेवढा चोरटा? देवासमोर?" आता देवाचं नाव काढल्यावर कोण काय बोलणार. अर्ज करायचं काम माझ्याकडे आलं, मी नेहमीप्रमाणे उशिरा केला, आणि पहिली संध्याकाळ बाप्पा दोन समयांच्या उजेडात बसले. मीटर लागला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर आमची उत्तरपूजा आटोपत आली होती. झगझगीत रोषणाईत आम्ही रिकाम्या मखराचे फोटो काढले.

तरी पहिल्या मजल्यावरचे गडाभाई जितके दुखावले गेले तितकं कोणी नाही. गडाभाई आमचे कमिटी मेंबर, कच्छी, कापडाचं दुकान, स्वभावाने मोकळा माणूस. त्यांनी एका दिवाळीत दारावर बाहेरून विजेचं तोरण लावलं. घरातल्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने. कोणाला काय त्रास? पण काका पुस्तक घेऊन खाली उतरले. उंबरठ्याच्या बाहेरची जागा सोसायटीची. तिथे खाजगी वायर आलीच कशी? उद्या कोणी ओल्या हाताने धरली तर जबाबदार कोण? त्यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी नियम क्रमांक सतरा मंजूर झाला : कोणत्याही सभासदाने आपल्या खाजगी मीटरची वायर उंबरठ्याबाहेर आणू नये, आणि बाहेरचा करंट उंबरठ्याच्या आत नेऊ नये. मसुदा काकांचा, अक्षर काकांचं. तोरण उतरलं. गडाभाई मला म्हणाले, "याद ठेव रे, हा माणूस एक दिवस स्वतः अडकणार." मी म्हटलं, जाऊ दे ना यार.

इथे मला माझंही एक कर्तृत्व सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी बिल्डिंग रंगवली तेव्हा सगळी दारं बाहेरून एकाच रंगाची करायची असा ठराव मी आणला. कोणाचं गुलाबी, कोणाचं पोपटी, वैतींचं तर होडीला लावतात तसं गडद निळं. होडी रंगवून उरलेल्या डब्यातलाच रंग होता तो. सगळी बारा दारं कॉफी कलरची झाली. काकांनी ठरावाला पाठिंबा दिला. म्हणाले, "दाराची आतली बाजू खाजगी, बाहेरची सार्वजनिक. सेक्रेटरी बरोबर आहेत." नऊ वर्षांत त्यांनी मला बरोबर म्हटलेलं ते एकदाच, त्यामुळे लक्षात राहिलं.

तर यंदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, माझ्या हातात काकांचा एक अर्ज आला. त्यांचे अर्ज मला नवीन नव्हते. घरात एक फाईल आहे, मीना, माझी बायको, तिला वैतीपुराण म्हणते. पण हा वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचला.

"विषय : फ्लॅट क्रमांक नऊच्या दाराबाहेर, चौकटीच्या वर, झिरोचा एक निळा बल्ब सकाळी सात ते संध्याकाळी सात लावण्यास परवानगी मिळणेबाबत. जागा : सार्वजनिक. पुरवठा : खाजगी. नियम सतराला अपवाद करावा ही विनंती. कारण : खाजगी."

कमिटीत तो अर्ज मी वाचून दाखवला तेव्हा गडाभाईंच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. "परत वाच ना," म्हणाले. मी परत वाचला. दिवसाढवळ्या दिवा कशाला, यावर मग सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. काका ऑपरेशन थिएटर उघडतायत. काकांना मंत्र्यांसारखा दिवा हवाय, गाडी नाही म्हणून दारावर. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मी सगळ्यात जास्त हसलो. नऊ वर्षांचं साचलेलं होतं.

काका समोर खुर्चीत बसून होते, गुडघ्यावर पुस्तक. मी विचारलं, "काका, कारण काय ते तरी सांगा. कारणाशिवाय अपवाद कसा करणार?"

"कारण लिहिलंय."

"खाजगी म्हणजे काय?"

"खाजगी म्हणजे खाजगी, सेक्रेटरी."

गडाभाईंनी नियम सतरा खड्या आवाजात, एकेक शब्द चावून वाचला. खाली मसुदाकार म्हणून कोणाची सही आहे तेही वाचलं. अर्ज नामंजूर झाला. आता काका पुस्तक उघडणार, उपकलमं काढणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. पण ते उठून म्हणाले, "निर्णय नियमाला धरून आहे. मी तिथे बसलो असतो तर मीही हाच दिला असता." खुर्ची भिंतीला लावली आणि जिना चढून गेले. भांडायच्या तयारीत बसलेले आम्ही सगळे मग उगाचच चहा पीत राहिलो.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी कंबर धरली म्हणून घरी होतो. मीना शाळेत शिकवते, ती तीनच्या सुमाराला येते. दोनला बेल वाजली. दार उघडलं तर हिराकाकू. मी बाजूला होईपर्यंत त्या आत आल्यासुद्धा. चपला कोपऱ्यात ठेवल्या, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात. डबे उघडल्याचा आवाज आला. मग बाहेर डोकावून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कोन?"

मी म्हटलं, "काकू, मी शेजारचा."

"बसा ना मग. उभे कशाला? ते येतील आता. चाय टाकते." कोळीवाड्यातली बोली काकूंनी कधी सोडली नव्हती. परत आतून आवाज, "साखरेचा डबा कोनी हालवला गो?"

मी माझ्याच सोफ्यावर पाहुण्यासारखा अंग चोरून बसलो. साखर कुठे आहे हे माझ्याच घरात मला सांगवेना. काकू बशीत बिस्किटं घेऊन आल्या, माझीच, आणि मला आग्रह करायला लागल्या. कुठे राहता, मुलं किती, असं सगळं विचारलं. मी खरीखुरी उत्तरं देत होतो. तीस वर्षांपासूनची शेजारीण. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी धरलेली बाई.

काका आले तेव्हा बनियनवर होते. डोळे झोपेने सुजलेले. मी त्यांना बनियनवर कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "हिरे," म्हणाले, "चहा झाला असला तर चल. आपल्याला जरा बाहेर जायचंय." काकू लगेच उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "दार ओढून घ्या जाताना."

दहा मिनिटांनी काका परत आले, शर्ट घालून. उभ्या उभ्याच बोलले. दीड वर्ष झालं म्हणाले. आधी नावं गेली, मग दिवस गेले, आता दार गेलं. मुलगी दिंडोशीला असते, रविवारी येते, बाकी दिवस दोघंच. दुपारी यांचा डोळा लागतो तेवढ्यात ती बाहेर पडते, आणि परत येताना आपलं दार ओळखू येत नाही. निळं दार तेवढं आठवतं. बिल्डिंगभर निळं दार शोधते.

दाराचा रंग मी घालवला होता. 

"कुलूप लावा ना आतून," मी म्हटलं.

"एकदा लावलं होतं. दार वाजवत बसली, सोडा म्हणून. तिचंच घर आहे सेक्रेटरी, तिला कोंडू कसा?"

"मग दार निळं करा. मी बघतो कोण काय म्हणतो ते."

"तो ठराव झालाय." मग म्हणाले, "हे कोणाला सांगू नका. लोक वाईट नाहीत, पण बघायला लागतात. तिला कोणी असं बघितलेलं मला चालणार नाही."

मी शब्द दिला. मीनालाही सांगणार नव्हतो, पण बिस्किटांचा पुडा संपलेला बघून तिने उलटतपासणी घेतली.

दिवा मंजूर करायचा तर गडाभाईंना पटवणं भाग होतं, आणि कारण तर सांगायचं नाही. चार दिवस मी शब्द जुळवत होतो. शेवटी खाली गेलो. म्हटलं, "गडाभाई, त्या दिव्याचं काय ते... परत बघूया का?"

गडाभाई एकदम सावध झाले. "का रे?"

"एक कारण आहे. खाजगी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आत बघून बायकोला काहीतरी गुजराथीत म्हणाले आणि दार लोटून बाहेर आले. "तुझ्याकडे पण येतात?" हळूच विचारलं.

काकू त्यांच्याकडे दोन आठवडे येत होत्या. गडाभाभी त्यांना लिंबू सरबत द्यायच्या, मग वर सोडून यायच्या. काकांनी त्यांच्याकडूनही शब्द घेतला होता. मग आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर गेलो, तिथेही तोच प्रकार. चौथ्या मजल्यावर तर काकू रोज पोळ्या लाटून यायच्या. बारा बिऱ्हाडांतल्या सात घरांना ठाऊक होतं, आणि सातही घरांनी ते एकमेकांपासून लपवलेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला पाहुणे आले तर बातमी गच्चीवर आधी पोचते आणि पाहुणे नंतर. त्या बिल्डिंगमध्ये एवढी गोष्ट दोन आठवडे पोटात राहिली. गडाभाई जिन्यात बसून डोळे पुसत होते. म्हणाले, "मी त्या दिवशी किती जोरात वाचला यार तो नियम."

पुढच्या मीटिंगला मी अर्ज परत ठेवला. अर्ध्या मिनिटात मंजूर. कारणाच्या रकान्यात मी "खाजगी" असं लिहिलं आणि कोणी काही विचारलं नाही. काकांना मात्र संशय आला. सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "एवढ्या लवकर? चर्चा नाही?" गडाभाई म्हणाले, "काका, गरमी किती आहे. चर्चा कोण करणार." मी मध्येच सुचवलं की दिवा कॉमन मीटरवर घेऊ, सोसायटीतर्फे. तेव्हा काका ताठ झाले. "नाही. तिचा दिवा आहे, माझ्या मीटरवर जळेल. यात सार्वजनिक काही नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून होल्डर बसवला, वायर पट्टीत घातली, टेस्टर लावून तीनदा तपासली. स्टूल गडाभाईंनी धरलं होतं. खालून निरनिराळ्या मजल्यांवरून निरनिराळी माणसं काही ना काही निमित्ताने वर येऊन बघून गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला काकू बाहेर आल्या. माझं त्या दिवशी घरून काम होतं आणि आमचं दार उघडंच होतं. दिवा छान लागला होता, भर दुपारी सगळा जिना निळसर. काकूंनी मान वर करून बघितलं.

"कोनाचा लगीन हाय?" म्हणाल्या, आणि दिव्याखालून निघून आमच्या घरात आल्या.

मीनाने चहा टाकला. मी काकांकडे बघवेना म्हणून लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. ते दारात येऊन उभे राहिले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. काकूंनी कपातून वर बघितलं, घाईने पदर सारखा केला आणि उठून दारापाशी गेल्या.

"मीटरवाले ना? बाबूस घरात नाय. बंदराव गेलाय. उद्या या."

बाबूस म्हणजे काकूंचे वडील, आणि बंदराव म्हणजे बंदरावर. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. मला वाटलं आता काका काहीतरी बोलतील, अगं मी, म्हणतील. ते म्हणाले, "बरं बाई. उद्या येतो." आणि जिन्याकडे वळले.

मी मागोमाग गेलो. ते पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो, कंबर दुखत होती तरी.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "मी त्यांच्या घरी रीडिंगला जायचो. तेव्हा मीटर घराच्या आत असायचा. मीटर कंपनीचा, पण घर त्यांचं. घरात बाप्या माणूस नसेल तर आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी परत फिरायचो. तीन वेळा परत पाठवलं तिने. बाबूस बंदराव गेलाय, उद्या या. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, किती खेपा घालाल, या आत." त्यांनी एक बोट दुमडलं. "आज पहिली खेप झाली. अजून दोन."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होतो. मीनाने सांगितलं, बरोबर तीनला आले, केस विंचरून. परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. रोज साडेचारला मीना काकूंना हाताला धरून त्यांच्या घरी नेऊन सोडायची, त्या निमूट जायच्या, आत गेल्यावर काकांशी बोलायच्याही. पण दुपारी दारात ते मीटरवालेच.

चौथ्या दिवशी मी रजा टाकली. साहेबांना कंबर सांगितली. जिन्यात पाण्याची पाईप बघायला म्हणून गडाभाई आले होते, आणि आमच्या जिन्यात पाण्याची पाईप नाही. दुसऱ्या मजल्याचेही दोघं कठड्याला टेकून होते. तीन वाजले. काका आले. दाढी गुळगुळीत, शर्ट नवा. दारात उभे राहून त्यांनी घसा खाकरला.

काकू आल्या. त्यांच्याकडे बघितलं. 

"मीटरवाले ना?" म्हणाल्या. "बाबूस घरात नाय. बंदराव गेलाय. उद्या या."

काकांनी कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "बरं बाई." बाहेर आले. गडाभाई भिंतीकडे तोंड करून नसलेली पाईप बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं तर काकाच म्हणाले, "सेक्रेटरी, खेपा मी मोजत होतो. तिची रोज पहिलीच असणार ना. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"काका, मग आता?"

"आता काय. उद्या यायला सांगितलंय."

त्याला आता सहा महिने होत आले. एक दिवस चुकलेला नाही. निळा दिवा सात ते सात जळतो, काकू त्याखालून रोज जातात. काका हल्ली फारशा हरकती घेत नाहीत. परवा गडाभाईंनी जिन्यातल्या सॉकेटला ड्रिल मशीन लावलं तेव्हा बघून न बघितल्यासारखं केलं, आणि आम्हालाच कसंतरी झालं. मी गडाभाईंना ते काढायला लावलं.

काल तीनला मी घरी होतो. काका आले, काकूंनी नेहमीचं सांगितलं. काका वळले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा जरा. उन्हातना आलात," आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आल्या. दाराबाहेर त्यांच्या हातात पेला दिला आणि ते पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. काका एकेक घोट घेत होते. संपला पेला तरी तोंडाला लावून होते. मग त्यांनी तो परत दिला, काकू आत गेल्या आणि काका माझ्याकडे वळले.

"आज पाणी दिलं, सेक्रेटरी," म्हणाले. "उद्या या म्हणालीच. पण पाणी दिलं."